देवगिरी: कडा तासून घडवलेला दुर्ग

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की वाटेत एकट्या डोंगरावरचा देवगिरी दिसतो. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी इतका सरळ तासलाय की घोरपडीलाही पकड मिळू नये! पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक.

खंदक ओलांडला की ‘अंधारी’. कातळात कोरलेला हा वळणावळणाचा, पायऱ्यांचा बोगदा म्हणजे वर जाणारी मुख्य वाट. शत्रू आत शिरलाच, तर काळोखात चाचपडताना गाठायचा, ही त्यामागची योजना.

बाराव्या शतकात यादवराजा पाचव्या भिल्लमाने इथे राजधानी वसवली. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा रामदेवरायाचं मुख्य सैन्य राजपुत्रासोबत बाहेर होतं. गडावर धान्य समजून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. अखेर रामदेवरायाला मोठी खंडणी देऊन तह करावा लागला.

1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. पुढे बहमनी, निजामशाही आणि 1633 मध्ये मुघल आले.

गडावरची मेंढा तोफ नक्की पाहा. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं शिंगांसकट डोकं ओतलेलं आहे. अंधारीसाठी विजेरी सोबत असू द्या.