चौथ्या मजल्यावरचा ओटा

‘पर्यावरणस्नेही उंच इमारती’ असा विषय आकाशवाणीकडून आला, तेव्हा कवीच्या पत्त्यावर पत्र चुकून आलं असावं असंच मला वाटलं. मग अम्मीचं एक वाक्य आठवलं, आणि बोलायचं ठरवलं.

आमचं जुनं घर धुळ्यात, पांझरेच्या अलीकडे. धाब्याचं. लाकडी तुळया, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर हातभर माती. छताला मधोमध एक भोक ठेवलेलं, त्याला साणं म्हणत. दारापुढे सावलीचा ओटा. दुपारचं ऊन त्या जाड मातीतून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ उलटायची, आणि तोवर आम्ही धाब्यावर गोधड्या टाकून झोपलेले असायचो. खोलीतली गरम हवा वर चढायची आणि साण्यातून निघून जायची.

पुढे जळगावात फ्लॅट घेतला. चौथा, म्हणजे सगळ्यात वरचा मजला. हॉल पश्चिमेला. बाल्कनी होती, पण खोली मोठी दिसावी म्हणून मीच ती अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद करून घेतली. पहिल्याच मे महिन्यात रात्री दीड वाजता अम्मी उठून बसली. वय ऐंशीच्या पुढे, अंग घामानं भिजलेलं, वीज गेलेली. म्हणाली, “बेटा, ये घर सांस नइ लेता.” तिला धरून जिन्यानं खाली आणलं, आणि उजाडेपर्यंत आम्ही पार्किंगमध्ये बसून राहिलो.

असं का होतं, ते पुढे समजून घेतलं. जळगाव आणि धुळे साधारण 21 अक्षांशावर. मेच्या अखेरच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही. मार बसतो तो छताला, आणि तीन वाजल्यानंतर पश्चिमेच्या भिंतीला. तिरपं ऊन छज्जाखालून सरळ आत शिरतं. काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता नेमकी झोपायच्या वेळी खोलीत सोडतो. मग एसी आला. एसी आतली उष्णता उचलून बाहेर, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीसमोर टाकतो. गच्चीवर सोलर हीटर बसवला की इमारत ‘ग्रीन’ झाली अशा जाहिराती आपण वाचतो. पण मुळात जी कमी वीज मागते, ती इमारत खरी.

हे उंच इमारतीत जमतं का? मुंबईत एका वास्तुरचनाकारानं ते जमवून दाखवलं. चार्ल्स कोरिया (1930–2015) यांनी 1958 मध्ये मुंबईत आपलं काम सुरू केलं. कंबाला हिलवरची त्यांची ‘कांचनजंगा’ इमारत 1970 ते 1983 या काळात उभी राहिली. प्रवीणा मेहता त्यांच्या सोबत होत्या. 28 मजले, 84 मीटर उंची, घरं फक्त 32. श्रीमंतांचीच घरं ती. पण आतली युक्ती जुन्या बंगल्यातली आहे. मुंबईत समुद्राचा वारा हवा तर घर पूर्व-पश्चिम उघडं हवं, आणि कडक ऊन व पावसाचा मारा येतो तोही त्याच दिशांनी. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडे गुंडाळून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा वर नेला. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल, सावलीच्या बागा कोरून काढल्या. ऊन-पाऊस तिथंच अडतो, वारा आत जातो.

तसंच्या तसं इथं उचलून आणू नये, हेही सांगायला हवं. मुंबईची हवा दमट, तिथं वारा दिवसभर हवा. आपल्याकडे मेमध्ये पारा 44–45 अंशांवर जातो आणि दुपारचा वारा म्हणजे भट्टीची फुंकर. इथं दिवसा घर बंद आणि रात्री सताड उघडं हवं. आपली हवा कोरडी, म्हणून ओला वाळ्याचा पडदा किंवा कूलर इथं काम करतो, मुंबईत करत नाही. कोरड्या अहमदाबादसाठी कोरियांनी 1961–62 मध्ये ‘ट्यूब हाउस’ केलं होतं. उतरत्या छताखालून गरम हवा वर सरकते, माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि खालून गार हवा ओढून घेते. चित्र पाहिलं तेव्हा मला आमचं साणंच दिसलं!

जळगावात महापालिकेची 17 मजली इमारत उभी राहिली, तेव्हाच आपण उंचीला सरावलो. आता दोन्ही शहरांत मजले चढतच जाणार. नकाशा पाहताना आपण कार्पेट एरिया विचारतो. हॉल कुठल्या दिशेला, बाल्कनी किती खोल, वरच्या स्लॅबवर काय थर आहे, रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडता येतात का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत बाल्कनीच्या सरकत्या खिडक्या काढून टाकल्या. गच्चीला चुना दिला. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, स्लॅब कमी तापतो. पश्चिमेला वाळ्याचा पडदा टांगला. खिडक्या काढायला आलेला कारागीर दोनदा विचारून गेला, “चाचा, नक्की काढायच्याच ना? लोक तर बसवायला बोलावतात.” अम्मीची खाट आता त्या बाल्कनीत आहे. पडद्यावर पाणी मारायचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय, आणि दुसऱ्या कुणी मारलं की ते कमीच पडलं, असं तिचं म्हणणं असतं.