उसातील पिल्ले

शिरूर तालुक्यात कवठे येमाई हे गाव आहे. येमाई देवीच्या स्थानामुळे ते प्रसिद्ध आहे. या भागात उसाचे मळे दूरवर पसरलेले दिसतात. बिबट्या हा मूळचा रानातला प्राणी. परंतु जुन्नर, आंबेगाव व शिरूर या तालुक्यांत पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्याने उसातच ठाण मांडले. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीभोवती कुत्री नि शेळ्या. त्याला आणखी काय हवे? मादी वितेही उसातच.

हिवाळ्यात ऊसतोडणी ऐन भरात असते. अशा वेळी एखादा कोयता एकाएकी थबकतो. पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्ले पडलेली असतात. आई कोठेच दिसत नाही. ती पिल्लांना टाकून गेली, असे पाहणाऱ्यास वाटते. पण बहुधा तसे नसते. माणसांच्या गलबल्याने ती दूर सरलेली असते आणि अंधाराची वाट पाहत असते.

मग ही पिल्ले पाळून, मोठी करून रानात सोडली तर? बाटलीने दूध पाजता येईल, पुढे मांसही घालता येईल. परंतु बिबट्याचे पिल्लू सुमारे दीड ते दोन वर्षे आईच्या मागे हिंडते, ते केवळ पोटासाठी नव्हे. दबा कसा धरावा, भक्ष्याचे नरडे कसे पकडावे, परका नर दिसताच कोठे दडावे, हे ते तिच्या संगतीत शिकते. माणसापासून दूर राहण्याचा धडाही तेथलाच. माणसाच्या हातून खाल्लेल्या पिल्लाची ही भीती मोडते, आणि असा बिबट्या वस्तीजवळ फिरू लागला तर अनर्थ ओढवतो. २०२५ साली याच तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यांच्या हल्ल्यांत लहान मुलेही दगावली. तेथील लोकांच्या मनातली धास्ती खोटी नाही.

शिकार करता आली, तरी काम भागतेच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील अवनी वाघीण २०१८ साली मारली गेली. तिची मादी बछडी पकडून पेंच येथील बंदिस्त रानात वाढविण्यात आली. ती तेथे शिकार करू लागली. मार्च २०२१ मध्ये तिला मोकळ्या जंगलात सोडले. पण ते जंगल रिकामे थोडेच होते! दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि त्याच महिन्यात मरण पावली.

म्हणून उसात सापडलेले पिल्लू होईल तितक्या लवकर आईच्या स्वाधीन करतात. वनखात्याची माणसे येतात. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लास तपासतात, त्याच्या अंगावरील गोचिडे काढतात आणि कातडीखाली ओळखीसाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवितात. दिवस मावळला, की ते जेथे सापडले तेथेच प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवून सारे दूर होतात. राखणीला असतो तो एक मुका कॅमेरा.

पिल्लू ओरडते. काही वेळाने पाचट वाजते. मादी खोक्याभोवती घुटमळते, खोके पंजाने कलते करते, पिल्लाची मान अलगद दातांत धरते आणि उभ्या उसात शिरते. पिल्ले दोन असली, तर दुसऱ्यासाठी ती पुन्हा येते.

कधी ती येतच नाही. मग दुसऱ्या दिवशी सांजावताच खोके पुन्हा त्याच सरीत ठेवले जाते.