थ्री नॉट थ्रीची दोन रूपांतरे

हाताने बोल्ट ओढायचा, गोळी नळीत ढकलायची, चाप दाबायचा, पुन्हा बोल्ट ओढायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बहुतेक साधे शिपाई अशाच रायफलीवर लढले. ब्रिटिश साम्राज्यात ती ली-एनफिल्ड होती, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री. आमच्या शहापूर-मुरबाडकडे ती दिसायची पोलीस ठाण्याच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, नाहीतर मतपेट्यांच्या सोबतीला. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यातही बनत. तरबेज शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी. यंत्रबंदुकीपुढे तेवढ्याने भागत नसे, म्हणून हातातल्या रायफलीलाच स्वयंचलित करण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत झाले.

त्यातला मला सर्वांत भावतो तो न्यूझीलंडच्या फिलिप चार्लटनचा. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या माघारीत ब्रिटनने शस्त्रांचे ढीग मागे टाकले होते. त्यामुळे न्यूझीलंडला ब्रेन गन या हलक्या यंत्रबंदुका मिळेनात, आणि पुढे जपानी आरमार दक्षिणेकडे सरकू लागले. सरकारी कोठारांत बोअर युद्धाच्या काळातल्या जुन्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफली पडून होत्या. चार्लटनने हेस्टिंग्ज गावातल्या आपल्या मोटार वर्कशॉपमध्ये त्यांना नवे रूप दिले. झाडलेल्या गोळीच्या वायूचा दाब वापरायचा आणि शिपायाच्या हाताचे काम यंत्राकडून करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. उजव्या बाजूने जाणारा दांडा, पुढे मूठ, दोन पाय, नळीला थंडावा देणाऱ्या पट्ट्या अशी ती बंदूक मूळच्या सडपातळ रायफलीशेजारी ओळखूही येत नाही. एरवी तिने एकेकच बार काढायचा. सलग मारा फक्त प्रसंग ओढवला तर. सुमारे दीड हजार रायफली अशा बदलल्या गेल्या. जपानी आलेच नाहीत. युद्धानंतर पामर्स्टन नॉर्थच्या कोठाराला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या; आज मोजक्याच उरल्या आहेत, त्याही संग्रहालयांत.

कॅनडाचा जोसेफ ह्यूओ याच्यापुढची अडचण वेगळी होती. खंदकांतल्या चिखलात अडकून बसणारी रॉस रायफल १९१६ मध्ये आघाडीवरून मागे घेतली गेली, आणि तिचे करायचे काय, हा प्रश्न उरला. ह्यूओने तिच्यापासून पंचवीस गोळ्यांची स्वयंचलित बंदूक घडवली. ती लुईस गन या यंत्रबंदुकीच्या मानाने फारच स्वस्त पडणार होती. पण १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबले आणि तीही थांबली. अमेरिकेत जॉन पीडरसनने रायफल फारशी न बदलता तिचा बोल्ट काढून तिथे स्वतःचे यंत्र बसवले. छोट्या काडतुसांचे, चाळीस गोळ्यांचे मॅगझिन त्यावर तिरके उभे राही. प्रत्येक गोळीला चाप दाबावा लागे, पण बोल्ट ओढणे संपले. अशी ६५,००० यंत्रे अतिशय गुप्तपणे बनली. १९१९ च्या चढाईसाठी ठेवलेली ती यंत्रे पुढे सरकारनेच जाळून टाकली. दक्षिण आफ्रिकेतही दुसऱ्या महायुद्धात रीडर नावाच्या माणसाने ली-एनफिल्डवर असाच प्रयोग केला.

हिंदुस्थानात मात्र याच रायफलीचे रूपांतर उलट्या दिशेने झाले, आणि ते मला फार बोचते. इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीची नळी रुंद करून तिची .४१० मस्केट बनवली गेली. दहा गोळ्यांच्या मॅगझिनची जागा बुजवली; एका वेळी एकच बार. ही बंदूक पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी होती. ती कुणी हिसकावली, तरी तिच्यात लष्करी काडतूस चालू नये, हा हेतू. न्यूझीलंडमध्ये शत्रूच्या भीतीने रायफल वाढवली. इथे राज्यकर्त्यांनी प्रजेच्या आणि स्वतःच्याच शिपायाच्या भीतीने ती तोडली. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या सरकारची भीती किती खोल होती, हे आमच्या तालुक्याला वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था उलटायला हवी होती. १९६२ मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन चिन्यांच्या अर्धस्वयंचलित बंदुकांपुढे उभे राहिले. त्यानंतर सैन्याला एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल आली. इशापूरने ७.६२ मिलिमीटरची आणि बारा गोळ्यांची रायफलही काढली, पण बोल्ट हातानेच ओढायचा. जुन्या ब्रेन गनचे ७.६२ मध्ये रूपांतर मात्र उत्तम झाले. पोलीस शिपायाच्या वाट्याला तीच जुनी थ्री नॉट थ्री राहिली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले. सेकंदाला दहा गोळ्यांच्या वेगाने मारा करणारी ती बंदूक. स्थानकात ५८ माणसे मेली. आसनगाव-कसाऱ्याच्या लोकल याच स्थानकातून सुटतात. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून इशारे देत प्रवाशांना दूर नेले नसते, तर मृतांत आमच्याकडचेही असते. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या, शेवटी खुर्ची भिरकावली. पोलीस निरीक्षक शशांक शिंदे तिथेच कामी आले. गिरगाव चौपाटीवर त्यांच्यातल्या एकाला जिवंत पकडून देणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर फक्त लाठी होती. त्या रात्री शौर्य कमी पडले, असे कुणी म्हणू नये. आदल्या शतकातल्या बंदुका, नाहीतर लाठ्या हाती देऊन आपण त्यांना तिथे उभे केले होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी, म्हणजे त्या रात्रीनंतर अकरा वर्षांनी.