पाय झोपला, मी जागी!

डॉक्टर म्हणाले, ‘‘बनियन आहे.’’ आमची भिवंडी म्हणजे कापडाचं गाव, मला आधी गंजीच आठवली! पण हा बनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेलं हाड. आईकडून आलेली ठेवण, त्यात रोज ऑफिसला टोकदार हील्स. शेवटी ठाण्याला ऑपरेशन.

सकाळी अकराला गुडघ्यामागे इंजेक्शन दिलं. हाच तो नर्व्ह ब्लॉक. पावलाकडे जाणारा मुख्य मज्जातंतू तिथे सोनोग्राफीवर दिसतो, त्याच्याभोवती बधिर करणारं औषध सोडतात. पावलाच्या आतल्या कडेचा मज्जातंतू वेगळा, त्याला वेगळी सुई. पाय सॉलिड बधिर! संध्याकाळी घरी आले, मैत्रिणींना फोनवर ‘‘काही दुखत नाही यार’’ सांगितलं आणि गोळी न घेताच झोपले.

रात्री दोनला जाग आली. शेजारचे माग खटखटत होते आणि पायात त्याच तालावर ठोके. ब्लॉक उतरला होता. आई गोळी घेऊन धावली, पण गोळीला लागू पडायला वेळ लागतो. तो तास मी विसरणार नाही. गंमत म्हणजे, डिस्चार्जच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. वाचतंय कोण?

नंतर भूलतज्ज्ञांनी गणित समजावलं. एका इंजेक्शनचा अंमल साधारण १२ ते २४ तास. तो उतरताना आधाराला गोळी नसेल, तर कळ एकदम उसळते. दुसरा पर्याय, तिथेच बारीक नळी ठेवून छोट्या पंपातून दोन-तीन दिवस औषध. पंप म्हणजे चक्क रबरी फुगा, वीज गेली तरी नो टेन्शन! मात्र नळी सरकते, गळते, जंतुसंसर्गही होऊ शकतो. कानात गुणगुणलं किंवा तोंडाला धातूची चव आली, तर पंपाची चिमटी बंद करून लगेच डॉक्टरांना फोन. तिसरा, घोट्याभोवतीचा ब्लॉक. यात पाऊल बधिर, पण घोट्यावरची ताकद शाबूत, त्यामुळे कुबड्या घेऊन चालणं सोपं.

तेव्हा मंडळी, फंडा सोपा आहे. ऑपरेशनआधीच विचारा, ‘‘ब्लॉक कधी उतरेल? पहिली गोळी केव्हा?’’ ती दुखायच्या आधी घ्यायची असते. आणि बधिर पायावर ना भार, ना गरम पिशवी. भाजलं तरी कळणार नाही.

आता दुसऱ्या पायाची पाळी आहे. यावेळी आधी अलार्म, मग मैत्रिणींना फोन!