सांगलीची द्राक्षे, परक्यांची जहाजे

नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रातल्या मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले आणि महिन्याभरात बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. नेमका त्याच सुमारास तासगाव, मिरज, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला होता. ऑक्टोबर छाटणीपासून फवारणीचा हिशेब ठेवून, ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीवर बाग नोंदवून, औषधांच्या अवशेषांची तपासणी पार करून हा माल पॅकहाऊसला येतो. तिथे प्रीकूलिंग होते, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड ठेवला जातो आणि शून्य अंशाच्या आसपास राखलेला रीफर कंटेनर न्हावाशेव्याला रवाना होतो. एरवी तीन-चार आठवड्यांत युरोपला पोचणाऱ्या या कंटेनरला त्या हंगामात दहा ते पंधरा दिवस जास्त लागले आणि भाडे कित्येक पटींनी चढले. घड तोडल्यावर देठ किती दिवस हिरवा राहणार, ते मात्र कोणाच्याच हातात नव्हते. बागायतदाराने आपले काम चोख केले होते. त्याच्या पदरात काय पडणार, हे त्याने कधी न पाहिलेल्या समुद्रावर ठरले.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना किनारा नाही, म्हणून जहाजबांधणी आणि जहाजवाहतूक हे मुंबईकरांचे किंवा कोकणचे विषय, असे इथे सर्रास मानले जाते. पण भारताचा परदेशी व्यापार वजनाने सुमारे 95 टक्के आणि किमतीने सुमारे 70 टक्के समुद्रमार्गेच होतो. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप, फलटणच्या कमिन्स प्रकल्पातले जनरेटर, सांगलीची हळद, कारखान्यांची साखर, यांतले जे जे परदेशी जाते त्यातले बहुतेक सगळे जहाजातूनच जाते. आणि ही जहाजे कोणाची? 1980 च्या दशकात आपल्या आयात-निर्यातीच्या मालातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा भारतीय जहाजे वाहत होती. आज तो पाच टक्क्यांवर आला आहे. परदेशी कंपन्यांना भाड्यापोटी दरवर्षी सुमारे 6 लाख कोटी रुपये जातात, असे सप्टेंबर 2025 मध्ये खुद्द पंतप्रधानांनीच सांगितले. निर्यातीवर उभे राहू पाहणाऱ्या देशाने स्वतःची जहाजे राखली नाहीत, तर त्याच्या निर्यातीची सूत्रे दुसऱ्याच्या हाती जातात, असे माझे ठाम मत आहे.

हे सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत एक माणूस याच कोरडवाहू पट्ट्यातला होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे आणि सातारा रोडचा कूपर कारखानाही पुढे त्यांच्याच समूहाकडे आला. पण 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह त्यांनी काढलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हे त्यांचे सर्वांत धाडसाचे काम. 5 एप्रिल 1919 रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी या नवख्या कंपनीशी कशी झुंज घेतली, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. एकीकडे त्यांनी भाडे पाडले. दुसरीकडे व्यापाऱ्याला सूट द्यायची, पण ती हातात न देता काही महिने आपल्याकडेच साठवून ठेवायची. मधल्या काळात त्याने एक खेप जरी दुसऱ्याच्या जहाजात भरली, तरी साठलेली सगळी सूट बुडाली. व्यापारी आपणहून बांधला जाई. 1923 च्या करारात सिंदियाला परदेशी मार्ग सोडून किनारी वाहतुकीवर समाधान मानावे लागले. 1928 मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक मांडले, तेही तडीस गेले नाही. भाडे ज्याच्या हाती, बाजारही त्याच्याच हाती, हे त्या पिढीने सोसून जाणले होते.

यावर अर्थशास्त्राचा जाणकार म्हणेल की काळ बदलला. आज जगभरच्या कंपन्या स्पर्धेत आहेत, जो स्वस्त नेईल त्याच्याकडून माल न्यावा, भांडवल जहाजात का अडकवायचे? शांततेच्या काळात हा युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र कंटेनरचा धंदा आता मोजक्या कंपन्यांच्या आणि त्यांच्या आघाड्यांच्या हाती एकवटला आहे, आणि स्पर्धेची खरी परीक्षा टंचाईतच होते. दक्षिण कोरियाचा दाखला इथे बोलका आहे. 31 ऑगस्ट 2016 रोजी हानजिन ही त्यांची सर्वांत मोठी जहाज कंपनी कोसळली, जहाजे बंदरांबाहेर अडकली, निर्यातदारांचा माल समुद्रावर लटकला. त्या सरकारने बाजारावर हवाला ठेवला नाही. 2018 मध्ये सागरी वित्तपुरवठ्याची स्वतंत्र संस्था काढली आणि उरलेल्या एचएमएम कंपनीकडून वीस महाकाय जहाजांची मागणी नोंदवली. 2020 च्या अखेरीस जगभर कंटेनर मिळेनासे झाले, तेव्हा याच कंपनीने कोरियन निर्यातदारांसाठी अमेरिकेकडे जादा जहाजे सोडली. त्याच महिन्यांत आपले निर्यातदार रिकाम्या कंटेनरसाठी तिष्ठत होते.

द्राक्षांच्या त्या हंगामात भारतीय जहाज असते तरी तेही आफ्रिकेलाच वळसा घालून गेले असते, हा आक्षेप मला मान्य आहे. दिवस वाचले नसते. पण टंचाईत रीफर कंटेनर आधी कोणाला द्यायचे आणि जादा आकार किती लावायचा, या दोन निर्णयांत आपल्याला काही बोलता आले असते. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला तेवढाही आधार मोठा असतो. परदेशी वाहतूक सगळी आपणच करावी, असे कोणी म्हणत नाही, निम्मीसुद्धा नको. पण पाच टक्क्यांत कोणी आपले ऐकून घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जवळचा आहे. सांगलीच्या बागायतदाराला 2010 मध्ये युरोपने दणका दिला तो क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अवशेषांमुळे. साखर अडली ती आपल्याच सरकारच्या निर्यातबंदीमुळे. यात जहाजांचा काय संबंध? संबंध नाही, हे खरेच. पण ती दोन्ही दुखणी कळली, त्यांवर बोलले गेले, अवशेषांच्या बाबतीत तर शेतकऱ्यांनी शिस्तही आणली. भाड्याचे दुखणे मात्र बिलातल्या एका ओळीत दडून राहते.

देशी जहाजांची उणीव आपल्या किनाऱ्यावरही जाणवते. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि तिथून जयगडचे खोल पाण्याचे बंदर फार लांब नाही. तरी सांगलीचा कंटेनर साडेतीनशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने न्हावाशेव्याला जातो, कारण कोळसा आणि सुट्या मालासाठी ओळखल्या जाणाऱ्या जयगडला कंटेनरची नियमित सेवा रुजलेली नाही. कराड-चिपळूण रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे कागदावर आहे. परदेशी कंपनी मोठे जहाज तिथेच लावणार जिथे हजारो कंटेनर एकदम मिळतात, आणि त्यात तिची चूक काहीच नाही. जानेवारी ते एप्रिल जयगडहून न्हावाशेव्यापर्यंत रीफर नेणारी लहान फीडर जहाजे चालवणे हे देशी कंपनीचेच काम आहे. वाढवण बंदरासाठी सुमारे 76,000 कोटी रुपये मंजूर झाले आणि सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी 69,725 कोटींची योजना आणली. त्या योजनेतून अशी चार-दोन लहान जहाजे या किनाऱ्यासाठी मागायला सांगली-साताऱ्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि द्राक्ष बागायतदार संघाने आता दिल्लीत जायला हवे.