इंजिन बिघडते मे महिन्यात

बोटीचे इंजिन दोन तऱ्हांनी दगा देते. सेल्फ मारल्यावर ते फिरते पण पेट घेत नाही, किंवा मुळात फिरतच नाही. घाईच्या वेळी ही दोन दुखणी एकच समजली जातात आणि न फिरणाऱ्या इंजिनाचे प्लग उघडले जातात, पेट्रोल बदलले जाते, कार्ब्युरेटर साफ होतो. ही सगळी मेहनत वाया जाते. शिळे पेट्रोल, ओला प्लग किंवा तुंबलेला जेट यांमुळे इंजिन सुरू होणार नाही, पण ते फिरायला त्यांची अडचण नसते. फिरवण्याचे काम बॅटरी, जाड केबल, सॉलेनॉइड आणि सेल्फची मोटर एवढ्यांचेच. त्यामुळे न फिरणारे इंजिन बहुतेक वेळा आतून धडधाकट असते. त्याला अडवणारा दोष बाहेर, तारांत आणि टर्मिनलांवर असतो, आणि तो पुराच्या सकाळी उपटलेला नसतो. बोट उभी असते त्या महिन्यांत तो सावकाश तयार होतो.

हे तपासायला दिल्लीसारखी जागा नाही. 13 जुलै 2023 रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर पोहोचली; 1978 सालचा 207.49 मीटरचा उच्चांक तिने आदल्या दिवशीच मोडला होता. काश्मिरी गेट, यमुना बाजार, आयटीओ या भागांत पाणी शिरले, एनडीआरएफच्या रबरी बोटी रस्त्यांवरून फिरल्या. पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, नदीने 205.33 ही धोक्याची पातळी गाठलीही नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये पाणी पुन्हा 207.48 पर्यंत चढले. म्हणजे शहरात बोटींची खरी गरज पडली ती दोन वर्षांहून अधिक अंतराने, आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच. उभ्या राहिलेल्या यंत्राचे काय होते याचा नमुना 2023 च्याच पुरात सर्वांसमोर आला. आयटीओ बंधाऱ्याच्या 32 दरवाजांपैकी पाच दरवाजे गाळाने जाम झाले आणि ते उघडायला लष्कर आणि नौदलाची मदत घ्यावी लागली. दरवाजे मोडलेले नव्हते, रुतलेले होते.

यावर कोकणातला किंवा ससून डॉकवरचा मेकॅनिक लगेच म्हणेल की गंज हे खाऱ्या पाण्याचे दुखणे, गोड्या यमुनेत त्याचे काय काम? निम्मे खरे आहे. मीठ नाही हे दिल्लीकरांचे नशीब. पण वजिराबाद ते ओखला या सुमारे 22 किलोमीटरच्या पट्ट्यात पावसाळा सोडला तर नदीत वाहते ते प्रामुख्याने सांडपाणी. त्यातून उठणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे पाडतो. त्यात उन्हाळा. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बॅटरीचे काय होत असेल ते सांगायला नको. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, आणि मग ती चार्ज केली तरी पूर्वीची ताकद परत येत नाही. कोकणातली मच्छीमार बोट खाऱ्या पाण्यात असते खरी, पण ती हंगामभर चालते. तिची बॅटरी भरत राहते, आणि सैल झालेला नट दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाताला लागतो.

बिघाड शोधायला सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच पाहायचा. गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, सेल्फ मुद्दाम अडवलेला असतो. गडबडीत हीच गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते, म्हणून दांडा एकदा मागेपुढे करून बघावा. चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरीही पाहावी. बहुतेक इंजिनांत ती निघाली तर फक्त ठिणगी बंद होते, काहींत सेल्फही अडतो. कट-कट-कट असा भराभर आवाज आला तर बॅटरी अशक्त आहे किंवा जोड सैल आहे. एकच ठसठशीत ‘कट्’ आला आणि पुढे शांतता, तर सॉलेनॉइडपर्यंत वीज आली आहे. दोष त्याच्या पुढे आहे, किंवा इंजिन खरोखर अडकले आहे.

इथे एक हमखास आक्षेप येतो: बॅटरी नवी आहे, दिवे लख्ख लागतात, मग दोष बॅटरीच्या बाजूचा कसा? दिव्याला एक-दोन अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. जोडात अवघा 0.02 ओहम रोध असला तर दिव्याच्या वेळी तो जाणवतही नाही. पण दीडशे अँपिअर ओढले की तिथेच तीन व्होल्ट गिळले जातात आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतून सेल्फपर्यंत जेमतेम नऊ पोहोचतात. म्हणून उभ्या बॅटरीवर मल्टिमीटर लावून 12.6 आकडा बघून समाधान मानणे ही फसगत आहे. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे त्याच खुंटीवर आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवावे आणि सेल्फ दाबायला सांगावे. दोघे एकमेकांना चिकटलेले, मधे हवाही दिसत नाही. तरी मीटर अर्धा व्होल्ट दाखवत असेल तर चोर सापडला. क्लॅम्प काढला की आत हिरवट-पांढरी पूड किंवा काळपट थर दिसेल. सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासून, घट्ट आवळून, वरून ग्रीस लावायचे. हीच परीक्षा अर्थिंगच्या केबलवरही करावी. तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती बऱ्याचदा दोषी निघते.

बचावाच्या बोटींवर तर दोरीने ओढून सुरू करायची इंजिनेही पुष्कळ असतात, त्यांना बॅटरीचे हे पुराण कशाला, असे कोणी विचारील. दोरी हीच खरे तर उत्तम परीक्षा आहे. सेल्फ फिरवत नाही पण दोरीने इंजिन सहज फिरते, तर दोष सेल्फच्या बाजूचा, हे निर्विवाद. दोरीही हलत नसेल तर आधी न्यूट्रल पाहा, कारण अनेक मॉडेलांत गिअरमध्ये दोरीलाही कुलूप असते. पंख्याला गुंडाळलेली जलपर्णी, पॉलिथिन किंवा विसर्जनाच्या चुनऱ्या काढाव्याच लागतात, पण न्यूट्रलमध्ये पंखा इंजिनापासून सुटा असतो, तेव्हा खापर त्यांच्यावर फोडू नये. बोट उलटून इंजिन बुडाले असेल तर मात्र जोर लावायचा नाही. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. सगळे प्लग काढून, ठिणगीची व्यवस्था बंद करून, इंजिन हळू फिरवून पाणी बाहेर काढावे. प्लग काढूनही इंजिन फिरले नाही, तरच बेअरिंग किंवा पिस्टन अडकल्याची शंका घ्यावी. ती पाळी क्वचित येते.

अधूनमधून इंजिन चालवा म्हणणे सोपे, पण उन्हाळ्यात यमुनेत पाणी कुठे आहे, ही अडचण खरी आहे. मात्र आउटबोर्डला नदी लागतेच असे नाही. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते दहा-पंधरा मिनिटे चालवता येते. कोरडे चालवू नये, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काही सेकंदांत खराब होऊ लागतो. खर्चाची सबबही टिकत नाही. शेडमध्ये एक स्वयंचलित चार्जर आणि एक मल्टिमीटर यांची किंमत एका नव्या इंजिनाच्या तुलनेत नगण्य आहे. जास्तीचे इंजिन ठेवा हा उपाय अनेकांना आवडतो, पण दुसरे इंजिनही त्याच शेडमध्ये, त्याच मे महिन्यात, तितकेच स्वस्थ बसणार असेल तर बिघाडही दोन होतील.

मान्सून दिल्लीत साधारण जूनच्या शेवटी पोहोचतो. त्याआधीच्या तपासणीत नोंदवहीत ‘इंजिन चालू स्थितीत’ एवढा शेरा पुरत नाही. तीन आकडे हवेत: बॅटरीचे विश्रांतीतले व्होल्ट, सेल्फ फिरत असतानाचे व्होल्ट, आणि इंजिन पाण्यात किती मिनिटे चालले. दुसरा आकडा 9.6 च्या खाली असलेली बोट, ती कितीही नवी असो, पुरासाठीच्या यादीत मोजू नये.