रात्री उठताना तोल का जातो?

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जुन्या चाळींत घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मोठ्या दुखण्याची हकिगत पुष्कळदा एकाच वाक्याने सुरू होते : "रात्री उठल्या आणि पडल्या." वय झाले, चक्कर आली, असे म्हणून आपण विषय संपवतो. पण चक्कर आली का? याचे थोडे उत्तर शरीरशास्त्राच्या पाठात आहे आणि थोडे चाळीच्या रचनेत.

आडवे असताना डोके, हृदय आणि पाय जवळजवळ एकाच पातळीवर असतात. उभे राहताच गुरुत्वाकर्षणामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब घसरू लागतो. मानेतल्या रोहिण्यांच्या आणि महारोहिणीच्या भिंतींत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. ती मेंदूला वर्दी देतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि काही सेकंदांत दाब सावरतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे वर्गात पाहता येईल. एका विद्यार्थ्याला पाच मिनिटे सतरंजीवर स्वस्थ निजवा आणि त्याची नाडी मोजा. मग त्याला उभे करून लगेच पुन्हा मोजा. ठोके वाढलेले दिसतील. हा प्रयोग घरच्या आजी-आजोबांवर मात्र करू नये.

उतारवयात रोहिण्या ताठर होतात आणि ही सावरण्याची क्रिया मंदावते. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर तो दोष मानतात. जुना मधुमेह आणि रक्तदाबाची, प्रोस्टेटची किंवा झोपेची काही औषधे यांमुळे त्यात भर पडते.

आता चाळीकडे वळू. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि शौचालय सामायिक. अशा घरात रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. वयाबरोबर तहानही कमी लागते. शरीरातले पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते आणि उठताना दाब आणखी कोसळतो. पडू नये म्हणून केलेला उपायच पाडायला कारण होतो!

शिवाय तोल सांभाळायला डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांध्यांतील संवेदना अशा तिघांची मदत लागते. अंधारात डोळे बाद होतात. हाडे ठिसूळ असली तर साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. मग अंथरूण धरावे लागते, स्नायू झडतात, पाठीला जखमा होतात.

उपाय साधे आहेत. जाग आल्यावर आधी अंथरुणातच उठून बसावे, मिनिट-दोन मिनिटे घोटे वरखाली हलवावेत आणि मग आधार धरून उभे राहावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की नीलांतले रक्त वर ढकलले जाते. पाणी दिवसभरात पुरेसे प्यावे. वाटेवर दिवा असावा, फरशी कोरडी असावी. गरज पडल्यास रात्रीपुरते भांडे किंवा कमोडची खुर्ची जवळ ठेवावी, त्यात लाज कसली? डॉक्टरांना निजून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आणखी एका माणसाचा विचार राहिला. आजोबांना धरायला रोज रात्री जी सून किंवा पत्नी उठते, तिची झोप दोन-तीनदा मोडते. अशी झोप महिनोन्महिने मोडली की चिडचिड, विसरभोळेपणा आणि रक्तदाब वाढतो. ओझे चुकीच्या पद्धतीने उचलून कंबरही धरते. थकलेला हात आधार द्यायलाही कमी पडतो. म्हणून रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घेणे हा उपकार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.

२०२५ साली वरळीच्या बीडीडी चाळींतील काही कुटुंबांना नव्या इमारतीत घरे मिळाली. शौचालय घरात आले, वाट कमी झाली. परंतु गुरुत्वाकर्षण तिथेही तेच आहे. म्हणून वर्गात नाडीचा प्रयोग झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : तुमच्या घरी रात्री कोण उठते, आणि त्यांच्यासाठी कोण उठते?